जर्सी सिटीत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

न्यू यॉर्कमध्ये नोकरी लागली किंवा होबोकेन शहरातील स्टीव्हन्स तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला, की मॅनहॅटनच्या भाड्यांचे आकडे पाहून माणूस नकाशावर हडसन नदीच्या पश्चिम काठाकडे वळतो आणि तेथे त्याला जर्सी सिटी सापडते. २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख ९२ हजार वस्तीचे हे शहर न्यू जर्सी राज्यात नेवार्कच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचे आहे. त्याला न्यू यॉर्कचे झोपण्यापुरते उपनगर समजून येणारे लोक चुकीच्या भागात घर घेतात आणि वर्षभर कुरकुरतात, असा अनुभव आहे. हे मुळात गोदी, रेल्वेचे यार्ड आणि कारखाने यांवर पोसलेले कामगारांचे शहर आहे. कोलगेटचा साबण आणि डिक्सनच्या पेन्सिली येथे तयार होत. कारखाने गेले, पण कोलगेटचे पन्नास फूट व्यासाचे घड्याळ अजून मॅनहॅटनकडे तोंड करून नदीकाठी उभे आहे. आधी आयरिश, इटालियन आणि पोलिश, नंतर कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन, डोमिनिकन, इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती, फिलिपिनो आणि भारतीय, अशा एकामागून एक आलेल्या लोकांनी येथील गल्ल्या घडवल्या आहेत. पुढील माहिती प्रामुख्याने भाड्याने राहणाऱ्यांसाठी आहे, कारण नवागत सुरुवातीला भाड्यानेच राहतो.

भाग निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात

पहिली गोष्ट म्हणजे पाथ रेल्वेचे, म्हणजे नदीखालून मॅनहॅटनला जाणाऱ्या रेल्वेचे, स्थानक पायी किती लांब आहे. दुसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि ती म्हणजे घर किती उंचावर आहे. शहराच्या मधून पॅलिसेड्स नावाच्या खडकाळ कड्याची धार उत्तर-दक्षिण गेलेली आहे. धारेच्या पूर्वेला, नदीलगत, सखल डाउनटाउन आहे. तेथे एक्स्चेंज प्लेस, ग्रोव्ह स्ट्रीट आणि न्यूपोर्ट ही पाथची स्थानके, काचेचे मनोरे आणि जुन्या विटांची घरे आहेत. धारेच्या माथ्यावर उत्तरेला हाइट्स आणि मध्यभागी जर्नल स्क्वेअर आहे. दक्षिणेला ग्रीनव्हिल आणि पश्चिमेला वेस्ट साइड पसरलेले आहे.

डाउनटाउनमध्ये स्थानक दाराशी असते, पण भाडे जवळजवळ न्यू यॉर्कच्या तोडीचे असते. शिवाय तेथील काही गल्ल्यांमध्ये पाणी शिरते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी नदी आत आली आणि पाथचे बोगदेही पाण्याखाली गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने काही तासांत तळघरे भरली. शहराच्या मोठ्या भागात पावसाचे पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहत असल्यामुळे मुसळधार पावसात जे पाणी उलट फिरते ते स्वच्छ नसते, हे मुंबई-ठाण्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत घरमालकाने करारापूर्वी पुराच्या धोक्याची लेखी माहिती भाडेकरूला देणे कायद्याने आवश्यक आहे. तो कागद मागून घ्यावा आणि खरोखर वाचावा. तळघरातील खोली कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये. अशा अनेक खोल्यांना राहण्याची परवानगीच नसते, आणि आयडाच्या रात्री परिसरात जे मृत्यू झाले त्यांतील अनेक तळघरांत झाले होते.

माझ्या मते एकट्या नोकरदाराने किंवा लहान कुटुंबाने आधी जर्नल स्क्वेअरच्या आसपास पाहावे. पाथचे मोठे स्थानक आणि बसचे आगार तेथेच आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटरला पोहोचायला साधारण पंधरा मिनिटे लागतात, भारतीय बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि जमीन उंच आहे. ज्या ‘जर्सी जर्नल’ वृत्तपत्रावरून या चौकाला नाव मिळाले ते २०२५च्या सुरुवातीला बंद पडले, पण चौक उभा आहे आणि त्याच्या अवतीभोवती नव्या इमारतींचे काम जोरात चालू आहे. घर बघायला जाल तेव्हा शेजारच्या रिकाम्या भूखंडावर काय बांधणार आहेत, हे अवश्य विचारावे, नाही तर दोन वर्षे क्रेनच्या आवाजात काढावी लागतील.

स्टीव्हन्समध्ये शिकणारी अनेक भारतीय मुले हाइट्समध्ये एकत्र घर घेऊन राहतात. तेथे पाथ नाही, पण काँग्रेस स्ट्रीटच्या टोकाला एक लिफ्ट आहे, जी कड्याच्या माथ्यावरून थेट खाली होबोकेनच्या नाइन्थ स्ट्रीट या लाइट रेलच्या, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या रेल्वेच्या, स्थानकावर उतरवते. रोज जिने चढण्याउतरण्यापेक्षा ही लिफ्ट कोठे आहे ते पाहून तिच्या आसपास खोली शोधणे शहाणपणाचे. ग्रीनव्हिल आणि वेस्ट साइड येथे भाडे कमी आणि घरे ऐसपैस असतात, परंतु मॅनहॅटनला जाण्यासाठी आधी बस किंवा लाइट रेल आणि मग पाथ, असे दोन टप्पे होतात. घरून काम करणाऱ्याला ते चालण्यासारखे आहे, रोज जाणाऱ्याला मात्र हिवाळ्यात ते जाचते.

घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत

भारतातून निघण्यापूर्वीच घर पक्के करण्याचा मोह टाळावा. पहिले दोन-तीन आठवडे ओळखीच्यांकडे किंवा अल्पमुदतीच्या खोलीत काढून मग घर शोधावे. ‘मी परदेशी आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, अनामत आत्ताच पाठवा’ असे म्हणणारा मालक हा मालक नसतो. दलाल मधे असेल तर त्याची दलाली कोण देणार आणि किती, हे घर दाखवण्यापूर्वी लेखी विचारावे. बहुधा ती एका महिन्याच्या भाड्याइतकी असते.

येथील बहुतेक जुनी घरे दोन किंवा तीन मजल्यांची, लाकडी सांगाड्याची आहेत आणि प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड राहते. अनेक घरांत खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागून एक असतात, म्हणजे मागच्या खोलीत जाण्यासाठी मधल्या खोलीतूनच जावे लागते. दोन मित्रांनी भागीत राहायचे असेल तर असे घर घेऊ नये.

पाहणीच्या वेळी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गरम करण्याच्या व्यवस्थेचा आहे. भाड्यात हीट आणि गरम पाणी समाविष्ट आहे का? नसेल, तर जानेवारी-फेब्रुवारीचे गॅसचे बिल पाहून डोळे पांढरे होतात, म्हणून मागील हिवाळ्यात बिल किती आले होते ते विचारावे. जुन्या इमारतींत वाफेचे रेडिएटर असतात. पहाटे ते फुसफुसतात, नळांतून हातोडीसारखे ठोके ऐकू येतात आणि खोली इतकी तापते की बाहेर बर्फ असताना खिडकी उघडी ठेवावी लागते. यात बिघाड काही नसतो. राज्याच्या नियमानुसार हीट पुरवण्याची जबाबदारी मालकाकडे असेल, तर १ ऑक्टोबर ते १ मे या काळात सकाळी सहा ते रात्री अकरापर्यंत घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सियस, तापमान राखावे लागते आणि रात्री ६५ अंश. थर्मामीटर लावून, वेळेसह फोटो काढून मग तक्रार केली, तर नगरपालिका ती गांभीर्याने घेते.

स्वयंपाकघरातील कपाटे उघडून कोपऱ्यांत झुरळांची आणि उंदरांची चिन्हे पाहावीत. ओट्यावरचा पंखा हवा बाहेर टाकतो की नुसतीच खोलीत फिरवतो, हेही पाहावे, कारण येथील अनेक घरांत तो दुसऱ्या प्रकारचा असतो आणि फोडणीच्या धुराने छतावरील धोक्याची घंटा वाजू लागते. रस्त्याच्या कडेला कोणी टाकलेली गादी किंवा सोफा कितीही चांगला दिसला तरी घरी आणू नये. ढेकूण एकदा शिरले की ते काढण्याचा खर्च नव्या गादीच्या कित्येक पट होतो.

करार आणि अनामत

नवागताकडे अमेरिकेतील क्रेडिट इतिहास, म्हणजे कर्जे आणि बिले वेळेवर फेडल्याची नोंद, नसतो, आणि मालक नेमका तोच मागतो. मोठ्या इमारती वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या चाळीसपट असावे, असा हिशेब लावतात. नोकरीचे नियुक्तीपत्र, बँकेतील शिल्लक आणि शक्य असल्यास येथे स्थायिक झालेल्या नातेवाइकाची हमी, असा संच तयार ठेवावा. लहान घराचा मालक बहुधा खालच्याच मजल्यावर राहतो आणि तो कागदांपेक्षा माणूस पाहतो. इजिप्शियन किंवा फिलिपिनो काकांशी दहा मिनिटे नीट बोललात, तर क्रेडिट नसतानाही घर मिळून जाते.

न्यू जर्सीत अनामत रक्कम दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती व्याज देणाऱ्या खात्यात ठेवून कोणत्या बँकेत ठेवली, हे मालकाने लेखी कळवायचे असते, आणि घर सोडल्यावर ३० दिवसांच्या आत, काही कापले असल्यास त्याच्या तपशिलासह, ती परत करायची असते. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि त्याच्या घराखेरीज भाड्याची दोनच घरे असतील, तर मात्र हा कायदा आपोआप लागू होत नाही; भाडेकरूने मालकाला ३० दिवसांची लेखी सूचना दिल्यावर तो लागू होतो. ही एका पानाची सूचना बहुतेक जण कधी देतच नाहीत. राहायला गेल्या दिवशीच प्रत्येक खोलीचा, भिंतीवरील भेगांचा आणि फरशीवरील डागांचा व्हिडिओ काढून मालकाला ईमेलने पाठवून ठेवावा.

न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही घराबाहेर काढता येत नाही आणि कुलूपही बदलता येत नाही. बहुसंख्य घरांच्या बाबतीत करार संपला एवढ्याच कारणावरून मालक घर सोडायला लावू शकत नाही. १९७४च्या कायद्याने त्याला ठोस कारण द्यावे लागते. मालक जेथे स्वतः राहतो अशा दोन-तीन बिऱ्हाडांच्या घरांतील भाडेकरूंना हे संरक्षण नाही, म्हणून तेथे शेजारधर्माला जास्त महत्त्व असते.

पहिल्या काही आठवड्यांतील कागदपत्रे

नेवार्क विमानतळावर उतरल्यास टॅक्सी करणे सोपे आहे, पण सामान कमी असेल तर विमानतळाच्या एअरट्रेनने रेल्वे स्थानकावर यावे, तेथून न्यू जर्सी ट्रान्झिट या राज्याच्या रेल्वेने नेवार्क पेन स्थानक गाठावे आणि मग पाथने जर्नल स्क्वेअरला यावे. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. नेवार्क हे वेगळे शहर आहे आणि नेवार्क अव्हेन्यू हा जर्सी सिटीतील रस्ता आहे. तो डाउनटाउनमधील पादचारी चौकापासून जर्नल स्क्वेअरपलीकडच्या भारतीय बाजारापर्यंत जातो, त्यामुळे पत्त्यावरील क्रमांक न पाहता निघालेला पाहुणा डोसा खायला निघून महागड्या बारच्या दारात उभा राहतो.

सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी, म्हणजे पगार आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकासाठी, उतरल्या-उतरल्या धावू नये. देशात प्रवेश केल्याची नोंद सरकारी यंत्रणेत दिसायला काही दिवस लागतात, म्हणून साधारण दहा दिवसांनी जावे. बँकेचे खाते पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा यांवर उघडते. वाहन चालवणाऱ्याने राज्यात स्थायिक झाल्यापासून ६० दिवसांत न्यू जर्सीचा परवाना घ्यावा. त्यासाठी ओळखपत्रांचे सहा गुण जमवावे लागतात. कोणत्या कागदाला किती गुण, याची यादी मोटार वाहन आयोग देतो. ती घरी बसून पूर्ण करून मगच रांगेत उभे राहावे. गाडी चालवत नसाल तरी राज्याचे ओळखपत्र घ्यावे, म्हणजे पासपोर्ट खिशात घेऊन फिरावे लागत नाही.

आरोग्य विम्याबाबत चालढकल करू नये. न्यू जर्सीच्या रहिवाशाला २०१९ पासून विमा असणे बंधनकारक आहे आणि नसल्यास राज्याच्या करात दंड लागू शकतो. नोकरीतून विमा मिळत नसेल तर राज्याच्या अधिकृत विमा बाजारात पाहावे.

जाणे-येणे

पाथ रेल्वे १९०८ पासून नदीखालून धावते आणि चोवीस तास चालते. मात्र रात्री गाड्या कमी असतात आणि जर्नल स्क्वेअर ते थर्टी-थर्ड स्ट्रीट ही गाडी होबोकेनला वळसा घालून जाते, म्हणून रात्रपाळी करणाऱ्याने त्या वेळची गाडी एकदा स्वतः धरून पाहावी. दिवसाच्या वेळा पाहून घेतलेले घर रात्रपाळीला भलतेच लांब पडते. दुसरी गोष्ट अशी, की पाथ आणि न्यू यॉर्कचा सबवे यांचे भाडे वेगवेगळे आहे आणि एकातून दुसऱ्यात मोफत बदल मिळत नाही. कार्यालय पाथच्या स्थानकापासून चालत जाण्याजोगे नसेल, तर रोज दोन्हीकडचे भाडे धरून हिशेब करावा. कधीकधी तो आकडा न्यू यॉर्क शहराच्याच क्वीन्स भागातील घराच्या भाड्याशी बरोबरी करतो.

लाइट रेलच्या स्थानकावर फाटक नसते. तिकीट यंत्रातून काढल्यावर शेजारच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो, आणि नवखा माणूस नेमका तेथेच चुकतो. शिक्का नसलेले तिकीट हाती असले तरी तपासनीस दंड करतो. केनेडी बुलेव्हार्डवर सरकारी बसबरोबर खासगी छोट्या बसही धावतात. त्या हात दाखवला की थांबतात आणि रोख पैसे घेतात.

गाडी घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विमा महाग आहे, बहुतेक भागांत रहिवाशांचे पार्किंग परमिट लागते आणि ते न्यू जर्सीच्या नोंदणीवरच मिळते. शिवाय रस्ता झाडण्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या बाजूने गाडी हलवावी लागते. खांबावरील पाटीवर वार आणि वेळ लिहिलेली असते. ती न वाचणाऱ्याच्या काचेवर सकाळी पावती लागलेली असते. घेतलीच गाडी, तर पेट्रोल स्वतः भरू नये. स्वतः पेट्रोल भरण्यास बंदी असलेले न्यू जर्सी हे आता देशातील एकमेव राज्य आहे. खिडकी खाली करून थांबले की पंपावरचा माणूस येतो.

बाजार आणि शेजार

टनेल अव्हेन्यू आणि केनेडी बुलेव्हार्ड यांच्या दरम्यानचा नेवार्क अव्हेन्यूचा तुकडा इंडिया स्क्वेअर म्हणून ओळखला जातो. येथील दुकानदारी प्रामुख्याने गुजराती वळणाची आहे आणि अलीकडे दक्षिण भारतीय खाणावळींनीही जोर धरला आहे. ज्वारी-बाजरीचे पीठ, साबुदाणा, कोकम, कढीपत्ता हे सर्व मिळते. उपासाची भगर पाहिजे असेल तर पाकिटावर ‘मोरैयो’ हे गुजराती नाव शोधावे. गोडा मसाला आणि भाजणी यांचा मात्र भरवसा नाही, त्या घरूनच आणाव्यात. जाताना कापडी पिशवी न्यावी, कारण मे २०२२ पासून राज्यात दुकानांतून एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या बंद आहेत आणि मोठ्या किराणा दुकानांत कागदीही मिळत नाहीत. मासे खाणाऱ्यांनी फिलिपिनो दुकाने पाहावीत. तेथे अख्खे मासे मिळतात, साफ करून देतात आणि डोके का ठेवायचे, हे समजावून सांगावे लागत नाही.

आज शांत दिसणाऱ्या या बाजाराने वाईट दिवसही पाहिले आहेत. १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ म्हणवून घेणाऱ्या टोळक्याने कपाळावरील टिकलीवरून भारतीयांना लक्ष्य केले, वृत्तपत्राला धमकीचे पत्र पाठवले, आणि त्याच वर्षी हल्ल्यांत होबोकेनमध्ये एका भारतीयाचा बळी गेला. त्यानंतर दुकानदार आणि विद्यार्थी संघटित झाले आणि राज्यात द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्ध कायदा झाला. तेव्हापासून येथे टिकून राहिलेले वयस्कर दुकानदार नवागताशी आपुलकीने बोलतात. कोणता मालक सरळ आणि कोणता वाकडा, ही माहिती त्यांच्याइतकी कोठेच मिळत नाही.

मराठी संगतीची अपेक्षा ठेवून येणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की न्यू जर्सीतील बहुतांश मराठी कुटुंबे एडिसन, पार्सिपनी अशा उपनगरांकडे आहेत. गणपती, नाटक, दिवाळी पहाट यांसाठी तिकडेच जावे लागते, आणि परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी लागते.

लहान मूल असेल तर एक गोष्ट हातची सोडू नये. जर्सी सिटीच्या सार्वजनिक शाळांत तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची बालवाडी मोफत आहे. खासगी पाळणाघराचा खर्च पाहिल्यावर याची किंमत कळते. नोंदणीसाठी पत्त्याचे पुरावे आणि लसीकरणाची नोंद लागते, म्हणून भारतातील बालरोगतज्ज्ञाकडून ती इंग्रजीत, तारखांसह आणि सही-शिक्क्यासह घेऊन यावी.

पहिले वर्ष संपताना

न्यू यॉर्कमध्ये काम आणि जर्सी सिटीत घर असेल तर दोन राज्यांची विवरणपत्रे भरावी लागतात. न्यू यॉर्क राज्य तेथे मिळवलेल्या पगारावर अनिवासी म्हणून कर घेते आणि न्यू जर्सी त्या कराची वजावट आपल्या करात देते, त्यामुळे तोच पगार दोनदा पूर्ण करपात्र ठरत नाही. न्यू यॉर्क शहराचा वेगळा आयकर मात्र बाहेरच्या रहिवाशाला लागत नाही. पगारपत्रकात तो कापला जात असेल तर कंपनीला पत्ता दुरुस्त करायला लगेच सांगावे, वर्षअखेरीची वाट पाहू नये.

करार संपण्याच्या तीन महिने आधी तो पुन्हा वाचावा. घर सोडायचे असल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, हे त्यात लिहिलेले असते आणि ती लेखीच द्यावी. राहायचे असल्यास भाडेवाढीची लेखी सूचना येईल. पाच किंवा त्याहून अधिक घरांच्या जुन्या इमारतींना जर्सी सिटीत भाडेनियंत्रण लागू आहे आणि तेथे वाढ वर्षातून एकदाच, ४ टक्के किंवा महागाईचा दर यांपैकी जे कमी असेल तेवढीच करता येते. काही नव्या इमारतींना यातून सूट आहे, आणि ती खरोखर मिळालेली आहे की मालक नुसते तसे सांगतो, हे नगरपालिकेच्या घरमालक-भाडेकरू संबंधांच्या कार्यालयात विचारता येते. वाढीव भाड्याच्या पत्रावर सही करण्याआधी तेथे जाऊन इमारतीची नोंद पाहावी. ४ टक्क्यांऐवजी १५ टक्के वाढ लिहिलेली पत्रेही लोकांना येतात, आणि न विचारता सही करणारे ती भरत राहतात.